‘सुकेळी’ची मधली जागा

"जरा डावीकडे फिरव," रेजिना म्हणाली. "अजून. काकांच्या खिडकीकडे तोंड हवं त्याचं."

मी स्पीकर फिरवला. आम्ही दोघी वसईत, रेजिनाच्या घराच्या, म्हणजे लोपीसांच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसलो होतो. समोर केळीची वाडी, वाडीपलीकडे इनासकाकांचं कौलारू घर आणि त्या घराच्या मागच्या खिडकीला निळा पडदा. मे महिन्यातली दुपार उतरत होती. काकांची झोप झालेली असणार, चहाचं पातेलं चढलेलं असणार.

"आवाज किती ठेवू?" मी विचारलं.

"काकांना ऐकू जाईल आणि पप्पांना नाही, एवढा."

"आवाजाला नाती कळत नाहीत, रेजी."

"मग तू फिजिक्समध्ये एमएस्सी कशाला केलीस?"

तिने लॅपटॉपचं बटण दाबलं. आधी तिचा ठोका सुरू झाला, धप्, धप्, धप्, धप्, आणि त्यावर तिच्या आजोबांचा सॅक्सोफोन. जुन्या कॅसेटवरून घेतलेला, जरा खरखरीत, आळसावलेला, गोड. पहिला भाग संपला आणि मग आला आमचा गुन्हा. वाढदिवसाला मेणबत्ती विझवल्यावर खेळण्यातला पियानो वाजतो ना, तसलं काहीतरी रेजिनाने मुद्दाम त्या मधल्या जागेत चिकटवलं होतं. ऐकताना माझेच दात आंबले.

निळा पडदा हलला. पडद्यातून एक हात बाहेर आला. हाताने खिडकीची फळी पकडली आणि धाडकन लावून घेतली.

"लागला," रेजिना म्हणाली. तिने टाकीला पाठ टेकली आणि समाधानाने कैरी खाऊ लागली.

याची सुरुवात आदल्या रविवारी झाली होती. रेजिनाचा भाऊ ऑस्टिन याचं लग्न ठरलं होतं. त्यांच्याकडे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका कळश्या घेऊन वाजतगाजत विहिरीवर जातात आणि त्या पाण्याने नवरदेवाला आंघोळ घालतात. पुढे बँड असतोच. या गावात तो बँड म्हणजे वर्षानुवर्षं रेजिनाचे आजोबा पास्कू आणि त्यांचा धाकटा भाऊ इनास. तरुणपणी दोघांनी मुंबईच्या हॉटेलांमध्ये जॅझ वाजवला होता. हॉटेलांतलं ते संगीत बंद पडल्यावर दोघे गावी परतले आणि लग्नांत वाजवू लागले. पास्कू आजोबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. इनासकाका नात्याने रेजिनाचे चुलत आजोबा, पण सगळं गाव त्यांना काकाच म्हणे. त्यांनी मात्र अलीकडे ट्रम्पेटची पेटी कपाटावर टाकली होती ती खाली काढलीच नव्हती.

रेजिना मुंबईपुण्याच्या क्लबांमध्ये लॅपटॉपवर नाचाचं संगीत वाजवायची. आजोबांच्या कॅसेटी कापून, त्यांच्याखाली आपला ठोका घालून ती गाणी बांधायची, आणि अनोळखी माणसं त्यावर घामाघूम होईस्तोवर नाचायची. तिच्या गावात मात्र एकानेही तिचं संगीत ऐकलेलं नव्हतं. तिच्या वडिलांना, आंद्रूकाकांना, ती लग्नांच्या हॉलमध्ये स्पीकर जोडते असंच वाटत होतं. भावाच्या विहिरीवरच्या मिरवणुकीत आपण वाजवायचं, हे तिने धरलंच होतं.

"नुसता डबा विहिरीवर जाणार नाही," आंद्रूकाका म्हणाले होते. तिच्या सगळ्या सामानाला ते ‘डबा’ म्हणत. "इनासकाका ट्रम्पेट घेऊन पुढे चालत असतील तर तुझा डबा चालू दे त्यांच्या मागे. नाहीतर मी नायगावहून बँड सांगतो."

म्हणून रविवारी आम्ही सुकेळ्यांचं पुडकं घेऊन इनासकाकांकडे गेलो. सुकेळी म्हणजे वसईची वाळवलेली केळी, चिवट आणि मधासारखी गोड. पास्कू आजोबांनी याच नावाची धून बांधली होती, आणि रेजिनाला मिरवणुकीत तीच वाजवायची होती.

काका घरातही इस्त्रीची पँट आणि काळे-पांढरे बूट घालून बसलेले. केसांना चकचकीत तेल. त्यांनी तिचं गाणं हेडफोनवर ऐकलं, पूर्ण ऐकलं, आणि हेडफोन मेलेला उंदीर धरावा तसा दोन बोटांत धरून परत केला.

"छान आहे. कुणीतरी शेजारी गोधड्या धुतंय का?"

"तो बीट आहे, काका."

"तो बीट असेल तर आमच्याकडे सोमवारी धोबीघाटावर केवढी मोठी मैफल व्हायची." त्यांनी हसताना तोंडासमोर रुमाल धरला. "आणि मधे काय झालं? मधला भाग कुठाय?"

"कॅसेटमध्ये नाहीच," मी म्हणाले. "पहिल्या भागानंतर खट् असा आवाज येतो आणि थेट शेवट सुरू होतो. टेप तुटली असणार आणि कुणीतरी चिकटवली असणार. दमट हवेत असं होतं."

"ही कोण?"

"माझी मैत्रीण ऋजुता. आवाजाच्या लहरींचा अभ्यास करते."

"म्हणजे सायन्सवाली." काकांनी मला नीट न्याहाळलं. "काय गं सायन्सवाली, एवढा अभ्यास करून एवढंच कळलं? टेप तुटली?"

"मधला भाग तुम्हाला आठवत असेल ना?" रेजिना पुढे सरकली. "विहिरीवर वाजवा तुम्ही. मी मागे हळू ठोका ठेवते."

"मी यंत्रासोबत वाजवत नाही."

"का?"

"यंत्र घामेजत नाही. ज्याला घाम येत नाही त्याच्याशी माझं जमत नाही." मी पुढे केलेलं सुकेळं त्यांनी घेतलं, पण खाल्लं नाही. शर्टाच्या खिशात ठेवलं. "नंतर खाईन. आणि एक सांगतो, रेजे. तुला काय करायचं ते कर, पण ‘सुकेळी’ चुकीची वाजवू नकोस. चुकीचं माझ्या कानावर पडलं तर मला राहवत नाही. वेड लागतं मला."

परत येताना वाडीच्या बांधावर रेजिना एकदम थांबली. मीही थांबले. आम्ही एकमेकींकडे पाहिलं.

"चुकीचं ऐकलं की राहवत नाही," ती म्हणाली.

"वेड लागतं," मी म्हणाले.

मला त्या भेटीतली आणखी एक गोष्ट आठवते. काकांच्या ‘स’मध्ये एक बारीक शिट्टी होती. साधारण केवढ्या उंचीचा स्वर असेल याचा मी मनात हिशेबही केला. ती शिट्टी कुठून येते, हा विचार मात्र मला शिवला नाही.

तर, खिडकी आपटली तो पहिला दिवस. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच वेळी तेच लावलं. वाडीपलीकडून आवाज आला, "अरे, कोण मारतंय रे त्या गाण्याला!" रेजिनाने आनंदाने माझा दंड पिळला. तिसऱ्या दिवशी तिने तो मधला भाग आणखी वाईट केला. त्यात घंटा घातल्या.

घंटा वाजल्या आणि निळ्या पडद्याआडून ट्रम्पेट आला.

आला म्हणजे, एकच स्वर आला, तोही फाटका. वाट चुकलेल्या रेडकासारखा. मग शांतता. केळीच्या पानावरून एक कावळा उडाला.

"हे काय होतं?" मी कुजबुजले.

"ते काका होते," रेजिना म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "उद्या अजून घंटा."

मग रोजचंच झालं. चहाच्या वेळेला आम्ही घाण वाजवायचो आणि काका तिकडून दुरुस्ती करायचे. रोज स्वर आदल्या दिवसापेक्षा घट्ट यायचा. रेडकाचा बैल झाला, बैलाचा माणूस झाला, आणि एके दिवशी तो ट्रम्पेट इतका मऊ आणि उंच गेला की खाली अंगणात आंद्रूकाका दोरीवरचे कपडे काढता काढता तसेच उभे राहिले. त्यांनी वर पाहिलं. आम्ही टाकीमागे आडव्या झालो.

मी सगळं रेकॉर्ड करत होते. काका ठोक्यावर नेमके कधीच येत नसत, किंचित मागून येत. दार उघडं आहे हे माहीत असूनही उंबऱ्यावर क्षणभर रेंगाळावं तसे. ते पाहून रेजिनाने आपला ठोकाही जागोजाग हलवून ढिला केला. गाणं लगेच चालायचं सोडून डुलायला लागलं. आता फक्त मधला भाग उचलायचा आणि त्याच्या जागी बसवायचा, एवढंच राहिलं होतं.

तिथे घोळ झाला.

"ऋजू, हे बघ ना. कालचं आणि आजचं एक नाही."

मी सगळी रेकॉर्डिंग लॅपटॉपवर एकाखाली एक लावली. लांबी तंतोतंत तेवढीच, आठ बार, म्हणजे बत्तीस ठोके. आतलं सगळं वेगळं. एका दिवशीचं मयताहून आल्यासारखं. दुसऱ्या दिवशीचं खिदळणारं. एकात तर चक्क पाववाल्याच्या सायकलचा पोंगा होता, पों-पों, आणि तो पोंगा धरून काका कुठल्या कुठे जाऊन आले होते.

"त्यांना नीट आठवत नसेल," मी म्हणाले. "वयाने आठवण पुसट होते. आपण सगळ्यांत समान काय आहे ते काढू. जे समान, ते मूळ."

दोन दिवस मी ते करत बसले. समान काहीही निघालं नाही. तोवर मांडवाचे बांबू आले, नायगावच्या बँडवाल्याचा फोन येऊन गेला, आणि आंद्रूकाकांनी त्याला "उद्या सकाळी सांगतो" म्हटलेलं रेजिनाने ऐकलं. ती गच्चीवर आली ती पडलेल्या चेहऱ्याने.

"चल," ती म्हणाली. "सरळ विचारू."

काकांनी दार उघडलं. ट्रम्पेट टेबलावर होता, पुसून लख्ख केलेला. त्यांनी तो लपवण्याचा प्रयत्नही केला नाही. मी त्यांना एकेक रेकॉर्डिंग ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"हे बरंय. हे पण बरंय. हे तर फारच छान. कोण वाजवतंय?"

"तुम्ही!"

"वाटलंच मला."

"काका, यातलं खरं कोणतं?" रेजिनाचा आवाज चढला. "मला परवा वाजवायचंय. आजोबांनी बांधलेलं मधलं कोणतं?"

"कुठलंच नाही."

"म्हणजे तुम्हाला आठवत नाही."

"आठवायला तिथे काही हवं ना. पास्कूने तिथे काही बांधलंच नव्हतं."

मी म्हणाले, "पण टेपवर तो खट् आवाज..."

"तो पास्कूचा अंगठा."

त्यांनी अंगठ्याने हवेतच बटण दाबून दाखवलं.

"पहिला भाग झाला की तो रेकॉर्डरचं बटण दाबून बंद करायचा," काका म्हणाले. "मधलं वाजवून झालं की परत चालू. आमचा पियानोवाला चिडायचा, म्हणायचा, अरे चांगलं वाजलेलंच टिपत नाहीस. पास्कू म्हणायचा, एकदा टेपवर गेलं की तेच खरं ठरतं, मग जन्मभर तेच वाजवत बसा. हॉटेलात रोज तीच माणसं, तेच सूप. निदान तेवढी जागा तरी रोज नवी पाहिजे. तो सॅक्सोफोन खाली करायचा आणि बोट दाखवायचा. ज्याच्याकडे बोट, त्याने उठायचं. तयारी नाही म्हणायची सोय नाही."

रेजिनाने लॅपटॉपच्या पडद्याकडे पाहिलं. तिथे तिचा तो घंटांचा तुकडा निळ्या रंगात चमकत होता. तिने तो निवडला आणि पुसून टाकला.

"मग परवा विहिरीवर याल ना?"

"मी यंत्रासोबत वाजवत नाही. सांगितलंय एकदा."

"अहो, मग इतके दिवस काय करत होता?"

"मी माझ्या घरात वाजवत होतो," काका म्हणाले. "यंत्र तुमच्या गच्चीवर होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आंद्रूकाकांनी विचारलं तेव्हा रेजिनाने वडिलांच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "काका येतायत." नायगावचा बँड रद्द झाला.

"येतायत?" मी तिला बाजूला घेऊन विचारलं.

"काय माहीत."

मिरवणूक निघाली तेव्हा उन्हं कलली होती. पुढे छोट्या टेम्पोवर दोन स्पीकर, मध्ये रेजिना तिच्या बटणांच्या चौकोनी पॅडपुढे उभी, शेजारी मी रेकॉर्डर घेऊन. मागे लाल लुगड्यांतल्या म्हाताऱ्या, जरीच्या साड्यांतल्या काकू-मावश्या, डोक्यावर सजवलेल्या कळश्या. इनासकाकांचा पत्ता नव्हता.

"कुठायत?" आंद्रूकाका टेम्पोच्या कडेने चालत म्हणाले.

"येतायत, पप्पा."

"विहिरीपर्यंत बघेन. तिथे ट्रम्पेट दिसला नाही तर टेम्पो मागे वळेल. मग बायका गाणी म्हणत घरी जातील, पण तुझा डबा बंद."

रेजिनाने ‘सुकेळी’ सुरू केली. पास्कू आजोबांचा सॅक्सोफोन गल्लीत शिरला तशा म्हाताऱ्या थबकल्या. एकीने कपाळावर, छातीवर क्रूस केला. "पास्कू गं," ती शेजारणीला म्हणाली. मग पहिला भाग संपला आणि मधली जागा आली. रेजिनाने तिथे काही ठेवलंच नव्हतं. नुसता ठोका. धप्, धप्, धप्, धप्.

"बिघडलं का गं?" मागून कुणीतरी विचारलं.

"कापड धुतायत वाटतं," दुसरी म्हणाली. हशा पिकला. रेजिनाचे कान लाल झाले. शेवटचा भाग आला, धून फिरून पहिल्यावर गेली, परत मधली जागा, परत रिकामी. आंद्रूकाका पुढे जाऊन टेम्पोवाल्याच्या बाजूने चालू लागले. विहीर दिसायला लागली. धून तिसऱ्यांदा मधल्या जागेपाशी येत होती. टेम्पोवाल्याने आंद्रूकाकांकडे पाहिलं आणि त्यांनी हात वर केला.

तेवढ्यात विहिरीच्या पंपाच्या खोलीआडून ट्रम्पेट वाजला.

किंचित मागून आला, उंबऱ्यावर रेंगाळल्यासारखा, आणि मग आत शिरला. मागोमाग काका आले. पांढरा कोट, काळे-पांढरे बूट, केस चकचकीत. त्यांनी आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी विहिरीकडे तोंड केलं आणि त्या खोल दगडी पोटात ट्रम्पेटचा सूर सोडला. विहिरीने तो घोळवून परत दिला, आणि त्या प्रतिध्वनीशीच ते भांडायला लागले. आंद्रूकाकांचा वर केलेला हात तसाच राहिला होता. तो हळूहळू डुलू लागला. कळश्या डोक्यावर घेऊन मावश्या नाचायला लागल्या. रेजिनाच्या ठोक्यावर. धोबीघाटाच्या ठोक्यावर.

बत्तीस ठोके झाले. शेवटचा भाग सुरू झाला, बायका कळश्या भरायला वाकल्या, आणि काका रुमालाने घाम पुसत टेम्पोला टेकले.

"यंत्रासोबत वाजवत नाही ना तुम्ही?" मी म्हणाले.

"गप गं. वरची कवळी नवीन बसवलीय." त्यांनी पुढच्या दातांवर नख वाजवलं. "ट्रम्पेट ओठांनी वाजतो, पण ओठ दातांवर टेकतात. दात बदलले, सगळंच बदललं. पहिल्यापासून शिकायला लागलं. आता घरात एकटाच रेकत बसलो असतो तर गावभर झालं असतं, इनासचं वाजवणं संपलं."

मला ती शिट्टी आठवली. खिशात गेलेलं सुकेळं आठवलं. तोंडासमोरचा रुमाल.

"म्हणजे आमच्या गोंगाटात..."

"कुणाला कळतंय कोण काय फाडतंय! सगळे म्हणाले, पोरींचं यंत्र बिघडलंय. रोज चहाच्या वेळी घरबसल्या साथीला बँड. आणखी काय पाहिजे?"

"पण आम्ही लावलं नसतं तर?"

"सांगून ठेवलं होतं ना, चुकीचं ऐकलं की मला वेड लागतं," काका म्हणाले. "तेवढं सांगितल्यावर तुम्ही दोघी गप्प बसणार होता का?"

आणि त्या खुशीत त्यांनी खिशातून सुकेळं काढलं, तेच असावं, आणि गावासमोर, जगासमोर, नव्या दातांनी कचकन चावलं.

धून फिरून आली होती, पहिला भाग संपत आला होता. रेजिना त्यांच्याकडे बघत होती. काकांनी ट्रम्पेट उचलायला हवा होता. पण त्यांचा चेहरा विचित्र झाला. त्यांनी सुकेळं ओढलं. सुकेळं आलं, आणि सोबत वरची कवळीही आली, त्या चिकट केळ्यात घट्ट रुतून.

त्यांनी झटकन तोंडावर रुमाल धरला. मला हसू आवरेना. तीन ठोके उरले असतील. काकांनी रुमालाआडूनच, डोळे मोठे करून, दुसऱ्या हाताचं बोट सरळ रेजिनाकडे रोखलं.

"मी?" ती ओरडली. "काका, माझी काही तयारी नाही!"

बोट हललं नाही.

मधली जागा आली. रेजिनाची बोटं पॅडवर पडली आणि घाबरून पहिले सूर आले ते तेच, घंटांचे, आमच्या घाणेरड्या तुकड्याचे. काकांचे खांदे हसण्याने गदगदले. मग चौथ्या की पाचव्या ठोक्यावर ती घंटा वाकली, जरा मागे पडली, उंबऱ्यावर रेंगाळली, आणि कुठेतरी निघाली. कुठे, ते तिलाही माहीत नव्हतं. तिच्या कपाळावर घाम आला होता. काकांनी ते मला कोपराने ढोसून दाखवलं.

आता रेजिना दूरदूरच्या देशांत वाजवते. तिच्यावर लिहिणारे लोक मला शोधत येतात, कारण त्या मे महिन्यातलं सगळं माझ्याकडे आहे, फाटक्या रेडकापासून पाववाल्याच्या पोंग्यापर्यंत. त्या संध्याकाळी विहिरीवर तिने पहिल्यांदा काय वाजवलं, ते ऐकवा म्हणतात.

मी त्यांना टेप लावून देते. सॅक्सोफोन येतो, बायकांचा गलका, कळश्यांचा आवाज, रेजिनाचं "माझी काही तयारी नाही!"

आणि मग खट्.

तो माझा अंगठा.